कामाची वाटणी झाली, शिकण्याचीही झाली

"मॅडम, तो भाग माझा नव्हता."

आठवीतल्या एका मुलीचं हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. प्रोजेक्ट होता शाळेतल्या खोल्यांच्या तापमानाचा. दुपारी कोणती खोली सर्वांत जास्त तापते, का तापते आणि फारसा खर्च न करता काय करता येईल, एवढाच प्रश्न. चौघांच्या गटाने मायक्रोबिटवर, म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायच्या छोट्या संगणक-बोर्डवर, नोंदी घेतल्या, स्प्रेडशीटमध्ये आलेख काढला, देखण्या स्लाइड्स केल्या. संगणक कक्ष सर्वांत गरम, असा निष्कर्ष मांडला. टाळ्या पडल्या, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. सगळं आवरत असताना मी आलेखावर बोट ठेवून सहज विचारलं, "ही रेघ इथे एकदम पाच अंशांनी वर का गेली गं?" तिने आलेखाकडे पाहिलं, मग शेजारच्या मुलाकडे, आणि ते वाक्य म्हणाली.

शेजारच्या मुलाने आलेख काढला होता, पण आकडे त्याला दुसऱ्याकडून मिळाले होते. तो दुसरा नोंदी घेत होता, पण प्रोग्रॅम त्याने लिहिला नव्हता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बोर्ड कुठे ठेवला होता हेच माहीत नव्हतं. शेवटी उलगडा झाला तो असा. मायक्रोबिट तापमान मोजतो ते त्याच्या प्रोसेसरच्या आत. हवेचं तापमान म्हणून जो आकडा दिसतो, तो त्यावरून काढलेला अंदाज असतो. बाकीच्या खोल्यांत बोर्ड बॅटरीवर होता, बाकावर ठेवलेला. संगणक कक्षात तो केबलने जोडून चालू लॅपटॉपवरच ठेवला होता. ती उडी खोलीची नव्हती, लॅपटॉपच्या गरम पाठीची होती. म्हणजे निष्कर्षच मुळात चुकीचा, आणि चौघांपैकी एकालाही ते कळण्याची सोय मी ठेवली नव्हती.

तुम्ही शिक्षक म्हणून वर्गात नव्याने प्रोजेक्ट घ्यायला लागला असाल, तर प्रश्न खुला हवा, मुदत हवी, प्रेक्षक खरा हवा, रूब्रिक, म्हणजे गुण कशाला मिळणार याचा तक्ता, आधी द्यावं, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. त्यावर मी वेळ घालवत नाही. मला बोलायचं आहे ते या एकाच खड्ड्याबद्दल. मी त्यात सलग तीन प्रोजेक्ट पडत होते आणि मला पत्ताही नव्हता.

गटात भूमिका वाटून द्या, असं सगळे सांगतात. एक संशोधक, एक प्रोग्रॅमर, एक डिझायनर, एक वक्ता. ऐकायला किती शिस्तशीर वाटतं! मीही तक्ता करून भिंतीवर लावला होता. त्यातून काय होतं ते नीट पाहा. ज्याला जे आधीच येतं, तेच काम त्याच्याकडे जातं, कारण गटाला प्रोजेक्ट वेळेत संपवायचा असतो. त्या प्रसंगानंतर मी जुनी टिपणं काढली. त्या मुलीने तिन्ही प्रोजेक्टमध्ये स्लाइड्सच केल्या होत्या. तापमान असो, पाण्याचा वापर असो की गावाचा नकाशा, तिच्या वाट्याला रंग आणि फॉन्ट. वर्षभरात ती स्लाइड्समध्ये आणखी तरबेज झाली आणि विज्ञानात होती तिथेच राहिली. आणि ती आळशी नव्हती, हे मला ठासून सांगायचं आहे. गटातली सर्वांत जास्त राबणारी मुलगी तीच होती.

गटकामाच्या तक्रारी सहसा कामचुकारपणाच्या असतात. त्यावर संशोधनही जुनं आहे. फ्रेंच संशोधक माक्स रिंगेलमान यांच्या दोर ओढण्याच्या प्रयोगांत, 1913 साली ते प्रसिद्ध झाले, माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेलेला दिसला. पण माझा खड्डा वेगळा होता. इथे प्रत्येकजण जीव तोडून काम करत होता आणि तरी शिकत नव्हता. कामचुकार मूल डोळ्यांना दिसतं, हे मूल दिसत नाही. म्हणून हे जास्त धोक्याचं.

तंत्रज्ञान आलं की हे दुपटीने वाढतं. चार्टपेपरवर चार मुलं चार बाजूंनी वाकून लिहू शकतात. लॅपटॉपला कीबोर्ड एकच. ज्याची बोटं भराभर चालतात तो पुढे बसतो, बाकीचे मागून पाहतात आणि थोड्या वेळाने पाहतही नाहीत. तुमच्या वर्गात आजच बघा, कीबोर्डपासून सर्वांत लांब कोण बसलंय. बहुतेक वेळा ते दर वेळी तेच मूल असतं.

आता मी काय करते ते सांगते. हे सगळं चालतंच असा दावा नाही, पण माझ्या वर्गात फरक पडला.

पहिली गोष्ट, मूळ संकल्पना मी आता गटावर सोडत नाही. सेन्सर म्हणजे काय, तो नेमकं काय मोजतो आणि कुठे फसवतो, हा तास मी सगळ्यांसाठी फळ्यावर घेते, प्रोजेक्ट सुरू होण्याआधी. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी 1918 साली प्रोजेक्ट पद्धतीवरचा, म्हणजे प्रोजेक्टमधून शिकवण्यावरचा, आपला निबंध लिहिला, तेव्हापासून या पद्धतीचे भक्तही आहेत आणि टीकाकारही. 2006 मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी लिहिलं की विषयात नवख्या मुलांना कमीत कमी मार्गदर्शनात सोडलं तर त्यांच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून ठेवता येतं तेवढ्यावर, फार ताण येतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, आपल्या कामावरच घाव घातल्यासारखा. आज मी त्यातलं बरंच मान्य करते. थेट शिकवलं म्हणून प्रोजेक्ट बाटत नाही. उलट चाळीस मिनिटं नीट शिकवलं, तर पुढचे तीन आठवडे वाया जात नाहीत.

दुसरी गोष्ट, भूमिका ठेवते, पण त्या फिरत्या. कीबोर्ड दर पंधरा मिनिटांनी पुढच्याकडे. सॉफ्टवेअरवाले जोडीने प्रोग्रॅम लिहितात तसं: एक टाइप करणार, दुसरा सांगणार. जो सांगतोय त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, हा नियम कडक. ज्याला आधीच येतं त्या मुलाला हे फार जड जातं, पण बोलून सांगताना त्याचंही समजणं पक्कं होतं. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे जिगसॉ पद्धत सुरू केली, तीही इथे कामी येते. प्रत्येक मूल एका भागाचं जाणकार होतं, आपल्या गटात येऊन तो भाग बाकीच्यांना शिकवतं आणि शेवटी चाचणी मात्र प्रत्येकाची संपूर्ण विषयावर. हा शेवटचा तुकडा गाळला की उरते नुसती वाटणी. अनेक ठिकाणी तोच गाळलेला मी पाहिला आहे.

तिसरी आणि सर्वांत खर्चिक गोष्ट, प्रोजेक्टच्या मध्यावर प्रत्येक मुलाशी तीन मिनिटं एकट्याने बोलणं. चाळीस मुलं म्हणजे दोन तास. हे दोन तास कुठून आणायचे, असं तुम्ही विचाराल. मी ते सादरीकरणाच्या तयारीतून कापले. विचारायचं फार नसतं. गटाच्या कामातली मुलाने स्वतः न केलेली एखादी गोष्ट समोर ठेवायची आणि म्हणायचं, "हे मला समजावून सांग." तो अडखळला तर रागवायचं नाही, गुण कापायचे नाहीत. गटाकडे परत पाठवायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं. गटाला कळतं की एकाला समजलं नाही तर काम सगळ्यांचंच अडतं. मग ती आपसात शिकवायला लागतात, न सांगता.

सामायिक फाइलचा इतिहास उघडून कोणी किती लिहिलं ते मोजू नका. मी मोजलं आणि एका मुलावर अन्याय केला. त्याच्या नावावर जेमतेम दोन ओळी होत्या, म्हणून मी त्याला बोलले. नंतर कळलं की मांडणी सगळी त्याची होती, तो बोलत होता आणि मैत्रीण टाइप करत होती. फाइलला फक्त बोटं दिसतात.

आता एआयबद्दल. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं, तेव्हापासून प्रत्येक गटात एक जास्तीचा सदस्य बसलेला आहे, आणि तो सगळ्यांत झटपट काम करतो. बंदी घालून मला काही साधलं नाही. खड्डा तोच आहे, "तो भाग एआयचा होता" हे नवं उत्तर. म्हणून नियमही तोच: गटाच्या कामात जे काही आहे, ते गटातल्या कोणालाही समजावता आलं पाहिजे. आपल्या मसुद्यातल्या चुका एआयला शोधायला लावणं मला चालतं. पहिला मसुदाच त्याच्याकडून घेणं चालत नाही, कारण चुकायची संधी तिथेच असते.

तयार प्रोजेक्ट किटबद्दल माझं मत चांगलं नाही. ज्यात काहीच बिघडत नाही, त्यात विचारायलाही काही उरत नाही. आणि मार्गदर्शक शोधत असाल, तर प्रदर्शनाचे फोटो दाखवणाऱ्यांपेक्षा फसलेला प्रोजेक्ट उघडून दाखवणारा माणूस धरा. मला अशा एक बाई भेटल्या. त्यांनी जुन्या वह्या काढून कुठे काय हुकलं ते दाखवलं. त्या एका दुपारी मला जे मिळालं ते कुठल्याच कार्यशाळेत मिळालं नव्हतं.

पहिला प्रोजेक्ट मोठा घेऊ नका. दोन आठवडे, एक संकल्पना, एकच साधन, आणि ते साधन तुम्ही स्वतः आधी चुकीच्या पद्धतीने वापरून पाहिलेलं असू द्या. फसला तरी घाबरू नका. मुलं आपण समजतो त्यापेक्षा मोठ्या मनाची असतात. चुकलेल्या निष्कर्षाबद्दल मी त्या चौघांची वर्गासमोर माफी मागितली, तर त्यांनीच पुन्हा मोजायची परवानगी मागितली. या वेळी प्रत्येक खोलीत बोर्ड बाकावरच ठेवला आणि शेजारी प्रयोगशाळेतला तापमापक. दोन्हींतला फरक त्या मुलीने स्वतः वहीत लिहिला, चार खोल्यांचा, चार ओळींत. संगणक कक्ष तिसऱ्या क्रमांकावर आला.

एक तयारी मात्र आधीच करून ठेवा. भूमिका फिरायला लागल्या की स्लाइड्स ओबडधोबड होतात, आलेखांचे रंग जुळत नाहीत, बोलताना मुलं अडखळतात. कोण बोलणार याची चिठ्ठी टाकली की ज्याला बोलायची सवय नाही त्याच्याच नावाची निघते. पालक विचारतात, मागच्या वर्षी किती छान केलं होतं, यंदा काय झालं? हे प्रदर्शनाच्या दिवशी पहिल्यांदा ऐकावं लागलं तर खचायला होतं. म्हणून सुरुवातीच्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे जा, पालकसभेतही सांगा की यंदा मांडणी साधी दिसेल, आणि पाहुण्यांनी कोणत्याही मुलाला कोणताही प्रश्न विचारावा.