माळ्यावरचा स्पेक्ट्रम उठवताना आधी पडदा वाचा

शहापुरात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली टीव्ही कमी, मिक्सर आणि इन्व्हर्टर जास्त. गेल्या पावसाळ्यात खानापूरहून एक निवृत्त गणिताचे मास्तर आले. पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला काळा कीबोर्ड. "हे पेटतंय काय बघा की जरा. माळ्यावर होतं." बघतो तर स्पेक्ट्रम प्लस, टीव्हीला जोडून चालवायचा जुना घरगुती कॉम्प्युटर! डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ मध्ये परवाना घेऊन भारतात आणला, तोच. कुणीतरी मास्तरांना आधीच सांगून ठेवलं होतं, ग्राफिक्सची चिप गेलीय, टाकून द्या.

चिप गेली नव्हती. अशी मशीनं माझ्याकडं बोटांवर मोजण्याइतकीच आली, पण एकाचीही ती चिप मेलेली निघाली नाही. तरी सगळे आधी तिच्यावरच संशय घेतात आणि बेसमधून, म्हणजे ती खोचलेल्या सॉकेटमधून, उपसताना तिचे पाय मोडतात. म्हणून मी कसं तपासतो ते लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट अडॅप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं, आणि पिनच्या मधल्या भागात ऋण. ड्रॉवरमध्ये पडलेले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे, मध्ये धन. मी स्वतः एकदा घाईत तसला लावलाय, माझ्याच मशीनला. फट्ट असा आवाजही झाला नाही, नुसता वास आला. मीटर लावून ध्रुव बघितल्याशिवाय काही खुपसायचं नाही.

दुसरं, चित्र बघायची सोय. मूळ मशीन अँटेनाच्या वाटेनं यूएचएफ ३६ नंबरच्या चॅनेलवर चित्र टाकतं. ते शोधत बसण्यापेक्षा पत्र्याच्या मॉड्युलेटरमध्ये (चित्राचा अँटेनाजोगा सिग्नल करणाऱ्या डबीत) जाणाऱ्या दोन्ही तारा, ५ व्होल्टची आणि व्हिडिओची, सोडवा. डबीच्या आतला रेझिस्टर बाहेरच्या गोल सॉकेटच्या मधल्या टोकापासून मोकळा करा आणि व्हिडिओची तार थेट तिथं जोडा. आता टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला लावलं की झालं.

आता ती चिप. नाव यूएलए, बनवणारी कंपनी फेरांटी, पाय ४०. हिला ग्राफिक्स प्रोसेसर म्हणणं जरा जास्तच. त्याच काळातल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ९९१८ चिपला चित्रासाठी वेगळी मेमरी होती आणि हलणारी ३२ चित्रं ती स्वतः सांभाळायची. कमोडोर ६४ ची चिप तशी ८ चित्रं सांभाळायची. यूएलएकडं त्यातलं काहीच नाही. पण ही एकटी पडद्यावरचं चित्र काढते, कळा वाचते, कॅसेट ऐकते आणि झेड-८० प्रोसेसरला ठोकेही हीच देते: १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचे चारात भाग करून साडेतीन. स्वस्तात मशीन विकायचं होतं ना.

दुकानाच्या मागं विणकरांचे माग चालतात, त्यामुळं मला हे धोट्यासारखंच दिसतं. धोटा डावीकडून उजवीकडं गेला की एक ओळ झाली, ६४ मायक्रोसेकंदांत. अशा ३१२ ओळींची एक फ्रेम, सेकंदाला जवळजवळ ५०. त्यातल्या १९२ ओळींत खरं चित्र, बाकीची बहुतेक किनार. चित्राच्या ओळी विणताना यूएलएला सतत मेमरीतून सूत ओढावं लागतं. तेवढ्यात झेड-८० त्याच मेमरीला हात लावायला आला, तर ही त्याचे ठोकेच रोखून धरते. धोटा मध्येच थांबवता येत नाही.

ही मेमरी म्हणजे खालचे १६ के, म्हणजे किलोबाइट. ४११६ नंबरच्या ८ चिपा, आणि बाइटमधला एकेक बिट एकेका चिपेत. आडव्या ८ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणजे प्रत्येक आठांतला तिसरा ठिपका, समजा, एकाच चिपेतून येतो. ती चिप अडकली तर पडदाभर सारख्या अंतरावर उभ्या रेघा येतात. ताण्यातला एकच धागा चुकीच्या रंगाचा भरला की कापडभर पट्टा दिसतो, तसंच.

आता मशीन चालू करा आणि हात मागं घेऊन पहिली दोन सेकंदं नुसतं बघा. धड मशीनची किनार लगेच पांढरी होते, कारण रॉममधल्या, म्हणजे कायमचा प्रोग्राम भरलेल्या चिपेतल्या, अगदी पहिल्या कामांतलं एक किनार पांढरी करण्याचं आहे. मग मधल्या काळ्या भागात क्षणभर बारीक तांबड्या उभ्या रेघा येतात. ती मेमरीची परीक्षा. मग सगळं पांढरं होतं आणि खाली सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ उमटते.

टीव्ही "सिग्नल नाही" म्हणत असेल तर ५ व्होल्ट, मग १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, मग व्हिडिओचा ट्रान्झिस्टर, आणि सगळ्यात शेवटी यूएलए. चित्र स्थिर आहे पण किनार पांढरी झालीच नाही, तर यूएलए जिवंत आहे. झेड-८० किंवा रॉमकडं जा. किनार पांढरी आणि आत गोधडी, तर तिघंही बरे आहेत, मेमरी बघा. आकृती नीट पण रंगच नाहीत, तर ४.४३ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या आसपास शोधा.

मास्तरांचं मशीन तिसऱ्या जातीचं. पांढरी किनार, आत गोधडी.

४११६ ला तीन व्होल्टेज लागतात: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५, ग्राउंड १६ वर. उणे ५ गेलं आणि १२ राहिलं तर चिप जळते. मास्तरांच्या मशीनवर १२ ही नव्हतं आणि उणे ५ ही नव्हतं. ती दोन्ही बनवणाऱ्या भागातला टीआर४ ट्रान्झिस्टर मेलेला. इथं घाई केली की हात पोळतो. टीआर४ सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला एखादी शॉर्ट झालेली ४११६ मारते. नुसता ट्रान्झिस्टर बदलला तर नवाही जातो. मी मशीन बंद ठेवून १२ व्होल्टच्या तारेवर मीटर लावला, बीप, म्हणजे शॉर्ट. मग एकेका चिपेचा पाय ८ मोकळा करत गेलो. पाचव्या चिपेला बीप थांबली. भंगारातल्या व्हिडिओ गेमच्या बोर्डावरून एक ४११६ काढून बसवली, मग टीआर४, आणि तांबड्या रेघा आल्या.

यूएलए मी फक्त बेसमधून उचलली, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी, पाय आयसोप्रॉपिल अल्कोहोलनं पुसले आणि परत बसवली. खानापूरच्या पावसात वर्षानुवर्षं राहिलेल्या आयसी बेसला एवढं लागतंच. चालताना ती बरीच गरम होते. तिचा स्वभावच तो. गरम म्हणजे गेली असं समजू नका.

शेवटची परीक्षा टाइप करून. ओ कळ दाबली की "पोक" उमटतं, मेमरीच्या एखाद्या जागी आकडा टाकायची आज्ञा. पोक २२५२८, १६ म्हटलं की वरच्या डाव्या कोपऱ्यातला चौकोन लाल व्हायला हवा. रंगांचे ७६८ बाइट तिथून सुरू होतात, ८ बाय ८ च्या चौकोनाला एक. चौकोनात दोनच रंग, शाई आणि कागद. मागचे विणकर काका बघत होते, म्हणाले, "मग नक्षी कशी काढायची रे?" अवघडच होतं. खेळ लिहिणारे चित्रं चौकोनांत मापून बसवायचे, नाहीतर अख्खा खेळ दोन रंगांत उरकायचे.

ठिपके १६३८४ पासून. तिथं २५५ टाकलं की ८ ठिपक्यांची रेघ. तिच्या लगेच खालची रेघ ३२ बाइटांनी पुढं असेल असं वाटतं, पण ३२ पुढं गेलं की ८ ओळी खाली उडी बसते. लगतची ओळ २५६ नं पुढं.

हे टाइप करताना अडलं. ६ उमटेना. ५ ही नाही. व्ही, जी, टी, वाय, एच, बी, सगळ्या मुक्या. आठही कळा एकाच तारेवर यूएलएला जातात, म्हणजे कीबोर्डच्या पातळ पट्टीत एक तार तुटलेली. वाळलेली पट्टी ओढली की असंच होतं. नवी मेम्ब्रेन मिळते, पण यायला वेळ लागतो.

मास्तरांनी खुर्ची पुढं ओढली. पोक ८१९२+८१९२, १२८+१२७. रेघ आली. मग पोक २२४९०+३८, ८+८, आणि कोपरा लाल झाला.

"पट्टी आली की फोन करा," म्हणाले, "तोवर बेरजेवर चालवतो."