गिट कमिट मेसेजमधली # वाली ओळ गायब होतेय? कमेंटचार बदला

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, मेसेजची सुरुवातच तिकीट नंबरने (कामाच्या नोंदीचा क्रमांक) करायची, '#४१२ लॉगिन फिक्स' असं, ही पद्धत बऱ्याच टीममध्ये असते. एडिटरमध्ये असं लिहून सेव्ह केलं की गिट ती ओळ कमेंट समजून उडवतं, आणि दुसरं काही लिहिलेलंच नसेल तर मेसेज रिकामा आहे म्हणून कमिटच होत नाही. गंमत म्हणजे कमांडमध्येच -एम लावून मेसेज दिला तर # जसाच्या तसा राहतो कारण एडिटर उघडतच नाही, त्यामुळे सगळं नीट चाललंय असं वाटत राहतं आणि मग कधीतरी अमेंड करताना (शेवटचं कमिट दुरुस्त करताना) किंवा रीबेसमध्ये स्क्वॉश करताना (अनेक कमिट एकत्र करताना) एडिटर उघडतो आणि तेव्हा ती ओळ गुपचूप जाते. मार्कडाउनची हेडिंगं (तीही # ने सुरू होतात) लिहिणाऱ्यांचीही हीच रड.

कमेंटचार म्हणजे ज्या चिन्हाने सुरू होणारी ओळ गिट कमेंट समजतं ते चिन्ह. ते बदलायचा उपाय एका ओळीचा आहे (टाइप अर्थात इंग्रजीतच करायचं):

गिट कॉन्फिग कोअर.कमेंटचार ';'

अवतरण चिन्हं विसरू नका, नाहीतर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ; दिसलं की कमांड संपली असं समजतो. ही सेटिंग फक्त त्या रेपोपुरती (त्या प्रोजेक्टपुरती), सगळीकडे हवी तर --ग्लोबल. एकदाच काम असेल तर कॉन्फिगला हात न लावता गिट -सी कोअर.कमेंटचार=';' कमिट --अमेंड, फक्त ते -सी कमिटच्या आधी यायला हवं.

गिट २.४५ पासून (एप्रिल २०२४) एकच अक्षर हवं ही अट गेली, // चालतं, हौस असेल तर ॥ सुद्धा. पण त्याआधीचं गिट असं काही कमेंटचारमध्ये दिसलं की एरर देतं, आणि सर्व्हरवर जुनं गिट असणं काही नवीन नाही. तिथे कॉन्फिग फाइलमध्ये कमेंटचारला ; ठेवा आणि त्याखाली कोअर.कमेंटस्ट्रिंगला // द्या, जुनं गिट या दुसऱ्या सेटिंगकडे बघतच नाही, नवं जे शेवटी लिहिलंय ते घेतं.

कमेंटचारला ऑटो असाही एक पर्याय आहे, म्हणजे मेसेजमध्ये कुठल्याच ओळीच्या सुरुवातीला नसलेलं चिन्ह गिट स्वतः निवडतं. मला तो आवडत नाही. टीमचं कमिट टेम्प्लेट (मेसेजचा तयार साचा) असेल आणि त्यात '# इथे कारण लिहा' अशा सूचना असतील तर गिट # सोडून दुसरं चिन्ह घेतं आणि त्या सूचना थेट हिस्टरीत जाऊन बसतात. हाताने ; केलं तरी तेच होणार, पण निदान का झालं ते तुम्हाला माहीत असतं, टेम्प्लेटमधले # बदलून टाकायचे की झालं. मेसेजमध्ये # घालणारी हुक (कमिट करताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) असतील तर तीही बघून घ्या.