पेन्शन तेवढीच, खर्च वाढता: कात्री चुकीच्या जागी लावू नका

निवृत्तीनंतर पैसा कमी पडायला लागला की बहुतेक घरांत पहिली कात्री दूध, फळं आणि औषधांवर चालते. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड होते. डोळ्यांची तपासणी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून पुढे ढकलली जाते. आणि त्याच घरात बँकेने ठेवीच्या व्याजातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, परत मागायचा राहून गेलेला असतो, पतसंस्थेत सहा-सात लाख एकाच ठेवीत अडकलेले असतात, भाच्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही दिलेली असते. ज्येष्ठ नागरिक संघात कागदपत्रं घेऊन येणाऱ्यांचे हिशेब बघताना मला हे वारंवार दिसतं आणि फार वाईट वाटतं. उधळपट्टी कुणीच करत नाही. काटकसर भलत्या ठिकाणी होते आणि ती प्रकृतीवर निघते.

खाली लिहिलंय ते मुख्यतः खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांसाठी. सरकारी निवृत्तांच्या पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो, तो वर्षातून दोनदा वाढतो. ईपीएस-९५ च्या, म्हणजे खासगी नोकरदारांना भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणाऱ्या पेन्शनला तो आधार नाही. तिथे किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि पेन्शन ज्या पगारावर मोजतात त्याला मर्यादा असल्यामुळे उभं आयुष्य कारखान्यात काढलेल्या अनेकांच्या हातात महिन्याला दोन-तीन हजारच पडतात. बाकी सगळी मदार व्याजावर.

चूक: महिन्याचा हिशेब जुळला म्हणजे झालं, असं मानणं

एक घर डोळ्यांसमोर आणू. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतून निवृत्त झालेले काका आणि काकू. पेन्शन २,९०० रुपये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख ८.२ टक्क्यांनी, म्हणजे तिमाहीला ३०,७५० रुपये, महिन्याला १०,२५०. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख ७.४ टक्क्यांनी, त्याचे महिन्याला ५,५५०. एकूण १८,७००. घर स्वतःचं, कर्ज नाही. किराणा, दूध, भाजी, गॅस, वीज, औषधं, मोबाइल, सोसायटीचा मेंटेनन्स धरून महिना पंधरा हजारांत बसतो. वहीत सगळं ठीक दिसतं.

आता वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळ्या पानावर लिहू. मेडिक्लेमचा हप्ता ३८,०००. घरपट्टी ६,०००. दिवाळी १०,०००. लग्नकार्यातले आहेर आणि जाण्यायेण्याचा खर्च ८,०००. स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. चष्मा, दात, नळदुरुस्ती असं किरकोळ ६,०००. बेरीज ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. पंधरा आणि सहा मिळून एकवीस हजार. महिन्याला २,३०० ची तूट आहे, आणि ती वहीच्या महिन्याच्या पानावर कधीच दिसत नाही. ती दिसते मेडिक्लेमचा हप्ता भरायच्या महिन्यात. तेव्हा घाईघाईत एखादी ठेव मोडली जाते नाहीतर शेजाऱ्यांकडून उसने घेतले जातात.

उपाय साधा आहे. हे दुसरं पान आधी लिहा. बेरजेला बाराने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका. ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला जमा होतं. एप्रिलचं व्याज घरपट्टीला आणि साठवणीच्या गहू-तांदूळ-डाळीला, ऑक्टोबरचं दिवाळीला, असं आधीच नेमून ठेवलं तर हात आखडत नाही. लवकर घरपट्टी भरणाऱ्यांना अनेक महापालिका सूट देतात, तीही पदरात पडते. साठवणीबद्दल एक सांगावंसं वाटतं: पाच माणसांच्या काळातलं माप दोघांसाठी वापरू नका. पोतंभर गहू भरायचे आणि गणपतीपर्यंत सोंडे पडायचे, यात बचत होत नाही.

तिमाही व्याज वेळेवर न काढता ‘वाढू दे’ म्हणून ठेवणारेही भेटतात. या योजनेत न घेतलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. ते वेळेवर आपल्या बचत खात्यात वळवून घ्या.

सगळ्यात मोठी चूक: ‘मुद्दलाला हात लावायचा नाही’

आपल्याकडे हा जवळजवळ धर्म आहे. व्याजावर जगायचं, मुद्दल मुलांना ठेवायचं. व्याज पुरत होतं तोवर हे चाललं. पण खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला तर बारा वर्षांत दुप्पट होतो, आणि तुमच्या खात्याचा दर मात्र पाच वर्षं जिथल्या तिथे असतो. म्हातारपणी वाढणारे खर्च बहुतेक डॉक्टर, औषधं आणि घरात मदतीला येणाऱ्या माणसांचे. हे सहसा इतरांपेक्षा जोरातच वाढतात. अशा वेळी मुद्दल जपायचं म्हणजे पोटाला आणि गोळ्यांना चिमटा काढायचा.

वरच्याच घराचा हिशेब धरा. २४ लाखांपैकी महिन्याला ४,००० रुपये वापरायचे ठरवले तर वर्षाचे ४८,००० होतात, मुद्दलाच्या दोन टक्के. दहा वर्षांत ४ लाख ८० हजार. त्यानंतरही १९ लाखांच्या वर शिल्लक राहते, घर वेगळंच. व्याज दरवर्षी सवातीनशे-साडेतीनशे रुपये महिना कमी होत जातं, हे खरं. तरीही सत्तराव्या वर्षी रोजचं दूध, दोन्ही वेळची गोळी आणि आठवड्यातून चार दिवस फळं यासाठी तेवढी किंमत मोजायला हवी, असं माझं ठाम मत आहे. हे पैसे तुम्ही तुमच्याच म्हातारपणासाठी साठवलेत.

मात्र ते मोडायची पद्धत हवी. ज्येष्ठ नागरिक योजनेतून थोडे थोडे पैसे काढता येत नाहीत. खातं बंदच करावं लागतं, आणि मुदतीआधी बंद केलं तर पहिल्या वर्षात व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का आणि पुढे एक टक्का कापला जातो. म्हणून पाच वर्षांची मुदत संपते तेव्हा विचार करा. १५ लाखांतले साडेबारा लाख पुन्हा त्याच योजनेत घाला. उरलेल्या अडीच लाखांच्या ५०,००० च्या पाच मुदत ठेवी करा: एक वर्षाची, दोनची, तीनची, चारची, पाचची. दरवर्षी एक ठेव हातात येते आणि कुठलीही मोडावी लागत नाही. नवी व्यवस्था लावताना त्या दिवशीचा दर लागू होतो, तो आधीच विचारून घ्या.

गंमत अशी की जे मुद्दल औषधाला मोडायचं नाही म्हणतात, त्यांच्यातलेच कितीतरी जण मुलाच्या फ्लॅटच्या टोकनसाठी एका सहीत आठ लाख मोडतात. मुलांना मदत करू नका असं मी म्हणणार नाही. पण आधी दोघांचं पाच वर्षांचं भागतं का ते कागदावर बघा, मग आकडा ठरवा. जामीन म्हणून सही करताना तर ते पूर्ण कर्ज आपल्याला फेडावं लागेल असं धरूनच करा. राहतं घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करायची घाई मुळीच नको. मृत्युपत्र करा. करायचंच असेल बक्षीसपत्र, तर आई-वडिलांचा सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागण्याची सोय आहे.

चूक: औषधं कमी करणं

स्वस्त करा, कमी करू नका. डॉक्टरांना विचारा, ‘यातली एखादी गोळी आता बंद करता येईल का?’ आणि ‘मला औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?’ पट्टीवर ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००, अटोर्वास्टॅटिन १० असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते नाव आणि मात्रा घेऊन जनऔषधी केंद्रात जा. नेहमीच्या बऱ्याच गोळ्या तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. पहिल्या खेपेला नवी पट्टी डॉक्टरांना दाखवून घ्या, म्हणजे मनात शंका राहत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रक्तदाब-साखरेची नियमित तपासणी तिथे करायला संकोच कशाला?

चूक: मेडिक्लेम सोडून देणं

हप्ता वाढला म्हणून साठी-सत्तरीत पॉलिसी बंद केली तर पुन्हा घेताना जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तोवर वय वाढलेलं असतं. सोडण्याआधी तीन गोष्टी बघा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तुमच्या पावतीत तो अजूनही लावलेला नाही ना ते तपासा. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी बोलायला हवं. तुमच्या हप्त्यात त्याहून मोठी उडी असेल तर लेखी विचारणा करा. आणि दुसऱ्या कंपनीत पॉलिसी नेता येते, जुन्या वर्षांचा फायदा न गमावता. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो.

७० पूर्ण झाली असतील तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, कुटुंबातल्या ७० च्या वरच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. पण आपल्या गावातलं कुठलं रुग्णालय या योजनेत आहे ते तिथे जाऊन विचारा, आणि मगच मेडिक्लेमबद्दल ठरवा. आजारपणात शोधाशोध होत नाही.

चूक: एक टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं एकीकडे

व्याज पुरेना की माणूस जास्त दराच्या मागे जातो. नेमकं तिथेच लुबाडलं जातं. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँक धरून, एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. संचालक ओळखीचे आहेत, आपल्याच आळीतले आहेत, हे ठेवीचं तारण होत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. रांगेत उभे असलेले कितीतरी जण निवृत्त होते. महिना दोन टक्के देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बँकेतल्याच कुणी ‘ठेवीसारखंच आहे’ म्हणून विमा पॉलिसी गळ्यात मारली असेल, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तारीख आजच बघा.

चूक: हक्काचे पैसे सोडणं

कर लागत नसेल तर बँकेला तसं स्वयंघोषणापत्र दरवर्षी एप्रिलमध्ये द्यायचं असतं, ज्याला सगळे १५एच म्हणून ओळखतात. प्रत्येक बँकेत वेगळं. टीडीएस कापला गेलाच असेल तर विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत येत नाही.

हयातीचा दाखला राहिला की पेन्शन थांबते. ईपीएसवाल्यांना तो वर्षात कधीही देता येतो आणि पुढे बारा महिने चालतो. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करून देतो. एसटीत ७५ च्या वर प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला आणि सर्व वयाच्या महिलांना अर्धं तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्या भरवशावर प्रवासाचा खर्च मांडू नका. विजेच्या बिलात १०० युनिटच्या वरची युनिटं बरीच महाग पडतात. तुमचा वापर शंभरच्या आसपास असेल तर जुना फ्रीज आणि गिझर यांच्याकडे लक्ष द्या. तीनशेच्या वर असेल तर आणखी जास्त.

चूक: मुलांना काहीच न सांगणं

‘त्यांचेच हप्ते चाललेत, त्यांना कशाला त्रास’ असं म्हणत आई-वडील दोन-दोन वर्षं तूट लपवतात. मग एका रात्री रुग्णालयातून फोन जातो आणि मुलाला सगळंच एकदम कळतं. मुलांकडे ‘थोडे पैसे पाठव’ असं मोघम मागणं दोघांनाही जड जातं. त्यापेक्षा एक ठरावीक बिल सांगा. ‘मेडिक्लेमचा हप्ता यापुढे तू भर’ एवढं म्हणणं सोपं असतं. मुलगा किंवा मुलगी जुन्या करप्रणालीत असेल तर ६० च्या वरच्या आई-वडिलांच्या आरोग्य विम्यासाठी त्यांना वर्षाला ५०,००० पर्यंतची वजावटही मिळते. फक्त हप्ता त्यांनी स्वतःच्या खात्यातून थेट कंपनीला भरायला हवा. रोखीने भरला तर वजावट मिळत नाही.