कोयनेचे दरवाजे आणि चिपळूणचं पाणी

पावसाळ्यात रात्री दीड वाजता ग्रुपवर मेसेज पडतो: 'कोयनेचे दरवाजे उघडले, चिपळूणकरांनो सावध व्हा.' दरवर्षी पडतो. माझ्याकडे बातमीदारी शिकायला येणाऱ्या मुलांचा पहिला धडा याच मेसेजवर असतो. खातरजमा म्हटलं की मुलं लगेच मोबाइल काढतात. मी तो आधी बाजूला ठेवायला लावते आणि कागदावर हाताने नकाशा काढून घेते.

कोयना धरण सह्याद्रीच्या पलीकडे, साताऱ्याच्या अंगाला. दरवाजे उघडले की पाणी कोयना नदीने कराडला जाऊन कृष्णेला मिळतं. घाट चढून ते आपल्याकडे येत नाही. एवढं झालं की मुलांना चेव येतो, "म्हणजे फेक आहे, मॅडम!" आणि मथळा टाइप व्हायला लागतो. तिथेच थांबवते. वीजनिर्मितीसाठी त्याच धरणाचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरवतात, ते कोळकेवाडीच्या तलावात येतं, तिथे पुन्हा वीज होते आणि मग ते चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत सोडतात. म्हणजे कोयनेचं पाणी चिपळूणला येतं, फक्त त्या दरवाजांतून नाही. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्यापुढे 'अफवा' असा शिक्का मारून बघा, उभं करणार नाहीत. बातमी अशी लिहा: दरवाजांचं पाणी कराडकडे जातं, कोळकेवाडीतून आत्ता किती सोडलंय आणि वाशिष्ठीची पातळी किती आहे, ते हे. आकड्यांसाठी 1077 वर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन, मग तहसीलला. बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा, वेळ वहीत. 'सूत्रांनी सांगितले' माझ्याकडे चालत नाही.

दुसरं काम म्हणजे पुडी कुणी सोडली ते शोधणं. ज्याने पाठवलं त्याला फोन करून एकच विचारायचं, "तुम्ही स्वतः बघितलंत का?" बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या फोनवर "अहो, मला मेव्हण्याने पाठवलं" एवढंच हाती लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो मेसेज किमान पाच हात फिरून आलाय. कुणी "हो, मी बघितलं" म्हणालं, तर कुठे उभं राहून, किती वाजता, ते विचारा आणि मूळ व्हिडिओ मागा. फॉरवर्ड होऊन आलेल्या व्हिडिओतून चित्रीकरणाची तारीख-वेळ निघत नाही.

फोटोच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटले आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पाण्यात बुडालेली गल्ली, कौलारू घरं, मागे माड, असा फोटो आला. शेजारच्या गावाचा म्हणून मी तो पाठवला आणि तो छापूनही आला. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने दाखवलं: कोपऱ्यातल्या दुकानाची पाटी मल्याळममध्ये होती. केरळातल्या पुराचा फोटो! माड आणि कौलं तिकडेही आहेत हो. तेव्हापासून फोटो मोठा करून आधी पाट्या वाचते, मग गाड्यांच्या नंबरप्लेट. रायगड एमएच 06, सिंधुदुर्ग 07, रत्नागिरी 08. मग भिंत चिऱ्याची आहे का, एसटी कुठल्या रंगाची आहे. गूगल लेन्स त्यानंतर. व्हिडिओ असेल तर दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि ते शोधा.

'समुद्र आत गेला, त्सुनामी येणार' हा आणखी एक नेहमीचा. इथे कोळीवाड्यातला हिशोब कामी येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा, थोडं इकडे-तिकडे. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठं, तशी ओहोटीही लांबवर. त्या संध्याकाळी पाच-साडेपाचला उघडी पडलेली पुळण बघून पाहुणे घाबरतात, आपण कशाला घाबरायचं? कॅलेंडर बघा. त्सुनामीचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या समुद्रविषयक संस्थेकडून येतो, तो निघालाय का तेही बघा. आणि 'परवा ढगफुटी' असं कुणी लिहिलं तर ओळखा: ढगफुटी म्हणजे एका तासात साधारण 100 मिलिमीटर पाऊस, तिची गावनिहाय तारीख दोन दिवस आधी कुणी देत नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवसाचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो. तो मध्यरात्री ते मध्यरात्री धरण्याची चूक आपल्याच लोकांची फार होते.

मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला तर मात्र नकाशा-बिकाशा काढत बसू नका, पहिला फोन पोलीस ठाण्याला. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच आवईपायी भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं.

खुलासा लिहिताना मथळ्यात अफवा परत छापू नका, खरं काय ते आधी. ज्या ग्रुपवर पुडी आली त्याच ग्रुपवर टाका. पाठवणारे तुमचे काका असतील तर चारचौघांत उत्तर न देता आधी फोन करा. काकांनीच खुलासा पुढे पाठवला तर तो जास्त फिरतो. पातळीचा आकडा तासाभरात शिळा होतो, पहाटे तीनचा आकडा सकाळी सातला फिरत राहतो. म्हणून खुलासा चित्र करून पाठवत असाल तर तारीख आणि वेळ चित्रावरच ठळक टाका. खालचा मजकूर पुढे पाठवताना लोक गाळतात.