९१ ला मी मूळ संख्या समजत होतो

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा मी कला शाखेचा पदवीधर होतो आणि दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मुलानं पहिल्याच दिवशी एक आकडा पाठ करायला दिला: ४४२२३२२३२१. म्हणजे १ ते १० मध्ये ४ मूळ संख्या (ज्यांना १ आणि स्वतः ती संख्या एवढ्यांनीच पूर्ण भाग जातो), ११ ते २० मध्ये ४, पुढच्या दहांत २, असं करत १०० पर्यंत एकूण २५. आकडा लगेच पाठ झाला. आठवड्याभरात सराव प्रश्नपत्रिकेत प्रश्न आला, खालीलपैकी मूळ संख्या कोणती? पर्याय होते ५१, ८७, ९१ आणि ९७. मी ९१ निवडली. मूळ संख्या किती आहेत ते मला येत होतं, कोणत्या आहेत ते येत नव्हतं.

९१ फसवते, कारण सातचा पाढा आपण सत्तरवर थांबवतो. तेराचा पाढा म्हटला तर सातव्या पायरीवर ती उभीच असते.

त्या दिवसानंतर मी पाठांतर बाजूला ठेवलं आणि मूठभर चिंचोके घेऊन बसलो. १२ चिंचोके घ्या. त्यांच्या सारख्या रांगा करा: १ × १२, २ × ६, ३ × ४. विभाजक असे जोडीनं येतात. १३ चिंचोक्यांची मात्र एकच लांब रांग होते, म्हणून १३ मूळ. एका चिंचोक्याला जोडीदारच नाही, त्याचा विभाजक तो एकटा. म्हणून १ ना मूळ, ना संयुक्त.

ही जोडीची गोष्ट समजली की सगळ्यात मोठा वेळ वाचतो. ३६ च्या जोड्या मांडा: १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६. सहाच्या पुढे त्याच जोड्या उलट्या होऊन येतात. म्हणून संख्या तपासताना तिच्या वर्गमूळापर्यंतच जायचं. २११ मूळ आहे का? १५ चा वर्ग २२५, म्हणजे १५ च्या आतल्या मूळ संख्या पुरेत: २, ३, ५, ७, ११, १३. एकानंही भाग जात नाही, २११ मूळ. सहा भागाकारांत काम झालं. मी आधी शंभरपर्यंत भागत बसायचो. याच रीतीनं २२१ तपासून बघा. तेराजवळ आल्याशिवाय सोडू नका.

सातच्या कसोटीला मुलं घाबरतात. शेवटचा अंक काढा, त्याची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. १६१ मध्ये १६ वजा २, आले १४, भाग जातो. १६१ = ७ × २३.

मसावि (महत्तम साधारण विभाजक) आणि लसावि (लघुतम साधारण विभाज्य) यांत नव्या मुलांचा घोळ नावामुळे होतो. ‘महत्तम’ शब्द ऐकून मोठं उत्तर शोधलं जातं. पण विभाजक संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही. ८४ आणि १२६ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्यांचे काहीही न उरता जास्तीत जास्त लांबीचे सारखे तुकडे करायचे, तर मसावि ४२. दर १२, १५ आणि १८ मिनिटांनी वाजणाऱ्या घंटा एकदा एकत्र वाजल्या, तर पुन्हा कधी? लसावि १८०, म्हणजे तीन तासांनी. तुकडे करायचे असतील तर विभाजक, पुन्हा भेट घडवायची असेल तर विभाज्य. सूत्रापेक्षा मला हे जास्त उपयोगी पडलं.

कंटाळा आला की मी हर्षद संख्या शोधतो. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे नाव दिलं: जिला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो ती संख्या. ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून प्रसिद्ध असलेली त्यांची ६१७४ घ्या. अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, आणि ३४३ म्हणजे ७ × ७ × ७. मग एकदा गणितज्ञ रामानुजनच्या नावानं ओळखली जाणारी १७२९ घेतली. बेरीज १९. भागून पाहिलं, तर उत्तर आलं ९१.