जुन्या जीपची पुढच्या काचेची चौकट सरळ बसवताना

माझ्या महिंद्रा सीजे ३बी जीपच्या काचेची चौकट काउलवर (बॉनेटमागचा, काचेखालचा पत्र्याचा भाग) डावीकडे नीट टेकत नव्हती आणि मुंबईच्या पावसात त्या फटीतून पाणी थेट डॅशबोर्डमागे उतरत असे. कुर्ल्याच्या मिस्त्रींनी चौकट ठोकून वाकवण्याचे सुचवले. मला ते पटले नाही. चौकट उतरवून तिचे दोन्ही कर्ण मोजले, ते सारखे भरले, म्हणजे चौकट वाकडी नव्हती. मग चॅसीपासून (गाडीच्या खालच्या सांगाड्यापासून) काउलच्या दोन्ही टोकांची उंची पाहिली, तेव्हा डावी बाजू खाली बसलेली आढळली, कारण तिथल्या बॉडी माउंटचे (बॉडी चॅसीवर जिथे टेकते त्या जागेचे) रबर दबून पापडासारखे झाले होते. नवे रबर घातले, बिजागऱ्यांचे बोल्ट सैल ठेवूनच चौकट क्लॅम्पने काउलवर आवळली आणि मगच बोल्ट कसले. बॉनेट व मडगार्ड त्यानंतरच जुळवले, कारण काउल हलला की त्यांच्या फटीही बदलतात.