जखम बांधता बांधता ऐकायचे कसे: युद्धक्षेत्रात नागरिकांची सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. ते पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले होते, हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. युद्धक्षेत्रात एकट्याने जाऊ नये. सुरक्षेची व्यवस्था, औषधांचा पुरवठा आणि दोन्ही बाजूंशी बोलणी करण्याची क्षमता असलेल्या अनुभवी संस्थेतूनच जावे. 1949 च्या जिनिव्हा करारांनी वैद्यकीय पथकांना संरक्षण दिले आहे, तरीही 3 ऑक्टोबर 2015 रोजी अफगाणिस्तानातील कुंदुझ येथे रुग्णालयावर झालेल्या हवाई हल्ल्यात 42 जण मरण पावले. त्यामुळे पोहोचताच आधी आडोसा आणि बाहेर पडण्याचा मार्ग पाहून ठेवावा.

हातापायाच्या जखमेतून वाहणारे रक्त आधी थेट दाबून धरावे आणि खोल जखमेत स्वच्छ कापड घट्ट भरावे. त्याने न थांबल्यास जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांधा टाळून, टुर्निकेट (रक्तप्रवाह रोखण्यासाठी आवळायचा पट्टा) आवळावे आणि बांधल्याची वेळ ठळक लिहावी. ही वेळ लिहिणे म्हणजे केवळ कागदी सोपस्कार नव्हे: युक्रेनमध्ये रुग्णालय गाठायला तासन्‌तास लागल्याने, गरज नसताना बांधलेल्या किंवा फार काळ तशाच राहिलेल्या टुर्निकेटमुळे अवयव गमवावे लागल्याचे तेथील शल्यचिकित्सकांनी नोंदवले आहे.

मनाच्या जखमेबाबत मात्र आपली घाईच अधिक नडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात साधारण पाचपैकी एका व्यक्तीला मानसिक विकार असतो. म्हणजेच झोप उडालेला किंवा सारखा रडणारा प्रत्येक माणूस रुग्ण नसतो. मानसिक प्रथमोपचारात आधी परिसर सुरक्षित आहे का आणि तातडीची गरज कोणाला आहे हे पाहायचे, मग ऐकायचे आणि शेवटी नातेवाईक, निवारा व पुढील सेवा यांच्याशी माणसाला जोडून द्यायचे, असा क्रम असतो. पाणी द्यावे, खाली बसावे, आपले नाव सांगावे आणि ‘आत्ता तुम्हाला कशाची गरज आहे?’ एवढेच विचारावे. घडलेला प्रसंग सविस्तर सांगायला लावू नये, कारण त्यामुळे त्रास वाढू शकतो. ‘तुम्ही वाचलात हेच नशीब’ हे वाक्य, कितीही सद्‌हेतूने सुचले तरी, गिळून टाकावे. बेपत्ता माणूस सापडेल असे आश्वासन देऊ नये आणि केवळ शोक शांत करण्यासाठी झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला मात्र एकटे न सोडता त्वरित तज्ज्ञाकडे न्यावे.

इन्सुलिन, फेफऱ्याची आणि मनोविकाराची औषधे नेण्याच्या यादीत आरंभीच असावीत. घर सोडताना ती मागे राहतात आणि फेफऱ्याची गोळी अचानक बंद झाली, तर तोफगोळा न लागताही जीव जाऊ शकतो.

दुभाष्याकडे पथकाचे सहसा दुर्लक्षच होते. तो बहुधा त्याच गावचा, कधी स्वतः घर गमावलेला असतो आणि प्रत्येक कुटुंबाचे दुःख त्याला प्रथमपुरुषी उच्चारावे लागते: ‘माझा मुलगा गेला.’ त्याच्या कामाचे तास मर्यादित ठेवावेत, त्याला सुट्टी द्यावी आणि संध्याकाळी पथकाची विचारपूस होताना त्यालाही सोबत बसवून घ्यावे.